बेथलेहेमातली शेजारीण

"योसेफ मीच होणार, रिबका. त्यात काही बदल करू नको," नथनेलबापू म्हणाले आणि देवळाच्या पायरीवर बसून रंगवलेल्या मिशीवरून बोट फिरवू लागले.

"तुमच्याशिवाय दुसरं कोण होणार, बापू?" मी म्हणाले. "देवाची स्वप्नं वस्तीत तुम्हालाच तर पडतात."

बापूंना ते कौतुक वाटलं. पाळकसाहेबांनी मात्र चष्म्याआडून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. पण ते तरुण होते, आमच्या वस्तीत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, आणि नव्या पाळकाला पहिली दोन वर्षं फक्त ऐकायचंच काम असतं.

नाताळची नाटिका आमच्या वस्तीत दर साली व्हायची. ती बसवणारे शाळामास्तर त्या वर्षी लेकाकडे पुण्याला राहायला गेले, म्हणून पाळकसाहेबांनी त्या कामाबद्दल मला विचारलं. मी सातवी शिकलेली, रविवारच्या शाळेत लेकरांकडून वचनं पाठ करून घ्यायचे. मी लगेच हो म्हणाले. सासूबाईंना नवल वाटलं, कारण दोन नाताळ मी नवं लुगडंसुद्धा नेसले नव्हते.

"एक सांगते, पाळकसाहेब. मास्तर नाटिका ताऱ्यामागून आलेल्या मागी लोकांपाशी संपवायचे. सोनं, ऊद, गंधरस दिला की टाळ्या आणि पंगत. मी ती पुढं नेणार. योसेफ बाळाला घेऊन मिसर देशाला पळाला तिथपर्यंत."

"म्हंजी त्याला पडलेलं देवदूताचं स्वप्न दाखवणार?" बापू सरसावून बसले.

"स्वप्नच तर दाखवायचंय."

"वा! मग माझी साक्ष त्याच्या मागूनच ठेव. लोकांच्या काळजाला भिडंल."

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. नाताळला पहिली साक्ष पंचाची, आणि बापू वस्तीचे पंच. पूर येऊन गेल्यापासून ते दर नाताळला एकच साक्ष देत होते. पुराच्या दिवशी संध्याकाळी ते जरा आडवे झाले, डोळा लागला, आणि पांढऱ्या वस्त्रातला पुरुष स्वप्नात येऊन म्हणाला, 'नथनेल, ऊठ, आपल्या घरच्यांना घेऊन टेकडीवर जा.' ते उठले, बायको, सुना, नातवंडं घेऊन टेकडीवर मेव्हण्याच्या घरी गेले, आणि रात्री धरणाचं पाणी वस्तीत शिरलं. "योसेफाला जसं, तसं मला," असं म्हणून बापू उपरण्यानं डोळे पुसायचे. मंडळी आमेन म्हणायची.

मी म्हणायचे नाही. त्या पुरात वस्तीतली तीन माणसं गेली. एक म्हातारं जोडपं, आणि माझा थोमा. दीड वर्षाचा होता. नवरा टेम्पो घेऊन सोलापूरला गेलेला. मी सासूबाईंना पाण्यातून ओढून उंबऱ्याबाहेर काढलं, झोळीकडे वळले, आणि मधली भिंत बसली. मातीची भिंत पडताना फार आवाजही करत नाही. आमच्या आणि बापूंच्या घराच्या मधे एक बोळ होता. बैलगाडी जाणार नाही एवढा.

पहिल्या वर्षी मी बापूंची साक्ष खरी धरली आणि देवावरच चिडले. बापूंच्या घरी देवदूत पाठवलास, मग बोळ ओलांडून यायला त्याचे पाय दुखत होते का? रोज भाकरी थापताना मी देवाशी असं भांडायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "पोरी, असं बोलू न्हाई. देव ऐकतो." मी म्हणायचे, "ऐकू दे की. त्याच्यासाठीच बोलते."

मग एक दिवस दीनाकाकू, बापूंची बायको, अंडी घेऊन आली. पुरात वस्तीतल्या झाडून सगळ्या कोंबड्या वाहून गेल्या होत्या. काकूंच्या कोंबड्या मात्र जुन्याच होत्या. त्यातली एक लंगडी, साऱ्या वस्तीच्या ओळखीची. मी सहज विचारलं, "काकू, ही लंगडी कशी वाचली वो?" काकूंचं तोंड उतरलं. अंडी परातीत ठेवली आणि पदर सावरत निघून गेली. मी बराच वेळ त्या अंड्यांकडे बघत बसले. स्वप्नातून दचकून उठलेला माणूस नातवंडं उचलतो. खुराडं रिकामं करून कोंबड्या पाटीखाली झाकून नेत नाही.

पुढच्या आठवड्यात बाजारात मोठ्या गावचा कोतवाल दिसला. मी त्याला गाठलंच.

"पाणी सोडायचा निरोप तुला कधी आला होता?" मी विचारलं.

"दुपारीच की, बाई. पर माझ्या पायाला गळू झालेलं. वस्तीपतूर चालवंना. हितंच बाजारात आल्हाट पंच भेटले. त्यांना म्हणलं, तेवढं वस्तीत सांगा. म्हणले, सांगतो."

"नथनेलबापू?"

"तेच. का? सांगितलं न्हवतं का त्यांनी?"

"हे चार माणसांत बोलशील?"

कोतवालानं दोन्ही कान धरले. "म्या स्वता जायाला पायजे हुतं, बाई. माझी नोकरी जाईल. म्या तुला काय बोललोच न्हाई."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो खाटेवर बसला. मग म्हणाला, "पुरावा कुठाय? पंच माणूस हाय. देव बघून घेईल."

"देवानं बघितलं तेवढं पुष्कळ झालं," मी म्हणाले. "आता मी बघते."

मला पोलीस नको होते, कोर्ट नको होतं. ज्या तोंडानं तो माणूस स्वप्न सांगतो त्याच तोंडानं, त्याच मंडळीसमोर त्यानं खरं सांगावं, आणि नंतर वस्तीत ते तोंड दाखवायला त्याला जागा उरू नये, एवढंच हवं होतं. याला सूड म्हणतात हे मला ठाऊक आहे. या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली, बापूही गेले, तरी मी त्याला दुसरं गोड नाव शोधलेलं नाही.

नाटिका लिहायला मी मत्तयाचा दुसरा अध्याय उघडून बसले. लहानपणापासून ऐकलेला. तारा, मागी, त्यांचे नजराणे, सगळं तोंडपाठ. पण मागी लोक गेल्यानंतरची जी वचनं आहेत ती नाताळला आमच्याकडे कोणी वाचत नसे. वाचणार कसं? मंडपामागं मटणाचं पातेलं रटरटत असतं, लेकरं नव्या कपड्यांत असतात, आणि तिथं लिहिलंय की हेरोद राजानं बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली सगळी मुलं मारली. मी ते वचन पुन्हा पुन्हा वाचलं. थोमा दीड वर्षाचा होता. त्या वयाचं नेमकं पुस्तकात लिहून ठेवलेलं होतं आणि मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

तालमीत बापू रोज वेळेवर येत. छत्रीचा दांडा काढून त्यांनी योसेफाची काठी केली होती. मरीया झाली होती सलोमी, वस्तीतलीच अठरा वर्षांची पोर. तिच्यापेक्षा तिचा योसेफ चाळीस वर्षांनी थोरला, पण पंचाला कोण बोलणार? बाळ मात्र खरं होतं, बापूंचा सगळ्यात धाकटा नातू. बाळ येशूच्या जागी आपल्या घरचं लेकरू असावं असा बापूंचाच हट्ट होता.

"स्वप्नातून उठल्यावर तुम्ही मरीयेला आणि बाळाला घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं," मी सांगितलं. "मधे बेथलेहेमची गल्ली आहे. तिथं बायका लेकरं कुशीत घेऊन झोपल्यात. तुम्ही आवाज न करता पुढं निघून जायचं."

"आवाज न करता," बापू म्हणाले. त्यांनी काठी उचलून धरली आणि दोन पावलं टाकली. मग थांबले. "ह्या बायका कशाला पायजेत, रिबका? शास्त्रात त्या न्हाईत."

"गाव म्हटलं की शेजारी असणारच, बापू."

"मग त्या जाग्या होऊन काय म्हणत्यात?"

"काही नाही. झोपलेल्याच राहतात. त्यांना कुठं काय माहीत?"

बापूंनी खांदे उडवले आणि चालून दाखवलं. चांगलं चालले. चोरपावलांनी.

नाताळच्या दिवशी उपासना झाली आणि देवळापुढच्या मंडपात सगळी मंडळी सतरंज्यांवर बसली. ऊन लख्ख पडलेलं. पाहुणे आलेले, मुंबईचे लेकी-जावई आलेले, मोठ्या गावातले चार प्रतिष्ठित खुर्च्यांवर बसलेले. मेंढपाळ आले, देवदूत आले, त्यातल्या एकाचा पंख थर्माकोलचा होता तो मोडला, आणि लोक पोट धरून हसले. मागी लोकांनी अत्तराच्या बाटल्या दिल्या. मग पाळकसाहेब म्हणाले, "आता रात्र झाली आहे असं समजा," आणि तळपत्या उन्हात पुन्हा हशा पिकला.

बापू घोंगडीवर आडवे झाले. देवदूतानं स्वप्नात सांगितलं. बापू असे काही दचकून उठले की मंडळीतून आपोआप आमेन आलं. त्यांनी सलोमीला उठवलं, बाळाला शालीत गुंडाळलं आणि निघाले. गल्लीत तीन बायका अंगावर चादरी घेऊन झोपल्या होत्या. तिसरी मी. माझ्या कुशीत उशी होती.

पावलं जवळ आली तशी मी उठून बसले.

"योसेफदादा, एवढ्या रात्रीचा कुठं निघालास?"

हे तालमीत नव्हतं. पण आमच्या नाटिकांत लोक आयत्या वेळी काहीबाही घालायचेच, हेरोद तर दर साली मनाची भाषणं ठोकायचा. बापूंना तेच वाटलं. ते थांबले आणि ऐटीत म्हणाले, "मिसर देशाला जातोय, बाई. देवदूतानं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"हेरोद राजा बाळाला मारणार हाय."

"कुणाच्या बाळाला?"

"माझ्या."

"आणि माझ्या?"

मंडपात कुणीतरी हसलं आणि अर्ध्यातच थांबलं. मी उशी छातीशी धरून उभी राहिले.

"माझं बाळ दीड वर्षाचं आहे, योसेफदादा. तुझ्या घराला लागून माझं घर. मधे एवढासा बोळ. तू उठलास, बायकोला उठवलंस, पोराला शालीत गुंडाळलंस. माझी कडी का नाही वाजवलीस?"

बापूंची मान वळली. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग लोकांकडे. "देवदूतानं मला एवढंच सांगितलं," ते पुटपुटले.

"दुसऱ्या कुणाला सांगू नको, असं म्हणाला होता का?"

"रिबका, पुरं कर."

"मी रिबका नाही. मी बेथलेहेमची बाई आहे. माझं नाव शास्त्रात नाही. मला सांग योसेफदादा, तो देवदूतच होता का? का पायाला गळू झालेला कोतवाल होता?"

मागं पातेल्यावरचं झाकण थडथडत होतं. बापूंचा चेहरा मिशीखाली पांढरा पडला. सलोमीला काही कळलं नाही, पण ती बाळाला घेऊन दोन पावलं मागं सरकली.

"खोटं हाय," बापू म्हणाले. "कुणी सांगितलं तुला?"

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून दीनाकाकू उभी राहिली. डोक्यावर पदर. मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती ती. नवऱ्यापुढं तर नव्हतीच नव्हती.

"सांगा आता," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, न्हाईतर म्या सांगते. माझ्यानं आता ह्या साक्षीला आमेन म्हणवत न्हाई."

काठी बापूंच्या हातातून गळून पडली. ते खाली बसले, देवळापुढच्या मातीत, योसेफाच्या झग्यासकट.

"कोतवालानं सांगितलं होतं," ते म्हणाले. "बाजारात. पाणी सोडणार, वस्तीला सांगा म्हणला."

बापूच बोलत राहिले, एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. "त्याच्या आदल्या साली म्या घरोघर डबा वाजवत फिरलो होतो का न्हाई? सगळ्यांला टेकडीवर नेलं, पावसात बसवलं. पाणी आलंच न्हाई. दुसऱ्या दिशी समदी वस्ती हसली मला. पोरं मागं लागायची, नोहा आला, नोहा आला. माझ्या सुनांपुढं हसायची. म्हणलं, ह्या खेपेला पुन्हा पाणी न्हाई आलं तर?"

"आणि आलं तर?" मी विचारलं.

"आलं तर गुडघाभर यील, असं वाटलं."

"गुडघाभर येणार होतं, मग कोंबड्या कशाला नेल्यास?" नाटिकेत मी त्यांना अरेतुरे करत होते, ते तसंच राहिलं. त्यानंतर मी त्यांना कधीच अहो म्हटलं नाही.

पुरुषमंडळीतले काहीजण माना खाली घालून बसले होते, कारण हसले होते हे खरंच होतं. मीही हसले होते, माझी जीभ काही कमी तिखट नव्हती.

"हसलो होतो आम्ही," मी म्हणाले. "पण थोमा हसला नव्हता. त्याला अजून तुझं नावसुद्धा घेता येत नव्हतं. तो तुला बाबू म्हणायचा."

तेव्हा बापू रडले. उपरण्यानं डोळे पुसण्याचं रडणं नव्हतं ते. ओरडून, तोंड वेडंवाकडं करून रडले. माझा नवरा उठून मंडपाबाहेर निघून गेला. आणि मला, खरं सांगते, त्या रडण्यानं थंडावा वाटला. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीत हवा नीट आत गेली.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. दोघांचा तंटा झाला आणि चूक करणाऱ्यानं सर्वांसमोर कबुली दिली की पाळक दोघांना समोरासमोर उभं करतो. कबुली देणारा हात पुढं करतो, दुसरा तो हातात घेतो, मंडळी गीत म्हणते आणि विषय तिथं मिटतो. पुन्हा कुणी काढायचा नाही. या रीतीनं आमच्याकडे बांधांची भांडणं मिटली, मोडलेली लग्नं मिटली. पाळकसाहेब पुढं आले. त्यांचेही डोळे ओले होते. त्यांनी बापूंना दंडाला धरून उभं केलं आणि माझ्यासमोर आणलं. पेटीवाल्यानं पेटीवर हात ठेवला. सगळी मंडळी तयारच होती. आज नाताळ, पाहुणे आलेले, जेवण तयार. हात मिळाला की सगळं गोड होणार होतं.

बापूंनी हात पुढं केला. "मला क्षमा कर, रिबका."

"ताई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "त्यांनी कबूल केलं. आजच्या दिवशी देवानंच हे घडवून आणलं. हात द्या."

"तुमच्या हातात शास्त्र आहे ना, पाळकसाहेब? मत्तयाचा दुसरा अध्याय काढा. मुलं मारली तिथून वाचा."

"ताई, आत्ता ते—"

"नाटिका संपलेली नाही. वाचा."

त्यांनी पान काढलं आणि वाचलं. हेरोदानं माणसं पाठवून बेथलेहेमातली लेकरं मारल्याचं. मग त्यापुढचं, रामा गावात आकांत ऐकू येतो, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, आणि ती कुणाकडूनही समजूत घालून घेत नाही, कारण मुलं राहिली नाहीत. ते शास्त्र मिटायला लागले.

"पुढं?" मी म्हणाले.

"पुढं हेरोद मरतो. मग देवदूत पुन्हा योसेफाच्या स्वप्नात येतो, की आता परत जा."

"योसेफाचं नको. राहेलीचं पुढं काय लिहिलंय?"

त्यांनी पान उलटलं. परत मागं आणलं. शिकलेला माणूस होता, शास्त्र कोळून प्यायलेला, तरी बोटानं ओळ धरून त्यांनी पुन्हा शोधलं.

"तिचं पुढं काही नाही," ते म्हणाले.

"तिला कुणी गप्प बस म्हटलं?"

"नाही."

"आज नाताळ आहे, पोटात घाल, असं कुणी म्हटलं?"

"नाही, ताई."

"देवानं आपल्या लेकाच्या जन्माच्या गोष्टीत तिला रडतीच ठेवली. तिची समजूत घालायला देवदूतसुद्धा पाठवला नाही. मग तुम्ही माझी घालू नका."

पेटीवाल्यानं हात काढून घेतला. पाळकसाहेब बाजूला झाले. मी उशी काखेला मारली आणि तिथंच उभी राहिले. बापूंचा हात अजून पुढंच होता, कोपरातून वाकलेला. सगळी मंडळी त्या हाताकडे बघत होती. मीही बघत होते. तो आपणहून खाली यायला बराच वेळ लागला. मला घाई नव्हती.